जर्मनीतल्या समर स्कूलला जायचंय? मुंबईच्या कॉलेजवाल्यांसाठी सगळं क्रमाने

एसवाय संपून टीवाय सुरू होत होतं तेव्हा मी जर्मनीत महिनाभराच्या समर स्कूलला जाऊन आले. तेव्हापासून दर डिसेंबर-जानेवारीत ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, ताई पासपोर्ट आधी लागतो का, ताई बाबांच्या अकाउंटला किती पैसे दाखवायचे, ताई कॉलेज सोडतं का. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते. तिकडची युनिव्हर्सिटी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, मेल टाकला की एक-दोन दिवसांत नीट उत्तर येतं. अडतं ते आपल्याकडच्या कागदांवर, आणि कागदांपेक्षाही त्यांच्या क्रमावर, म्हणजे अ‍ॅडमिशन लेटर नाही तर कॉलेज एनओसी देत नाही, एनओसी नाही तर व्हिसाची फाईल अर्धवट, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तिकिटाचे भाव वर गेलेले. म्हणून खाली दिलाय तो क्रम शक्यतो मोडू नका.

१. कशासाठी जाताय ते आधी ठरवा

समर स्कूल म्हणून जे विकलं जातं ते सगळं एक नसतं. एक असतो भाषेचा कोर्स, जर्मन शिकायला. दुसरा विषयाचा कोर्स, म्हणजे रिन्यूएबल एनर्जी, शहर नियोजन, युरोपियन युनियनचं राजकारण, डेटा वगैरे, तीन-चार आठवडे, शेवटी प्रोजेक्ट किंवा परीक्षा आणि ईसीटीएस क्रेडिट्स, म्हणजे युरोपातल्या युनिव्हर्सिट्यांची क्रेडिट मोजायची पद्धत. तिसरं म्हणजे लॅबमधली इंटर्नशिप, सायन्स आणि इंजिनीअरिंगवाल्यांसाठी डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) वाइज नावाची योजना याच प्रकारातली, यंदा चालू आहे का ते बघा. आणि चौथा प्रकार म्हणजे एजंटची 'स्टडी टूर', ज्यात सकाळी एका कॅम्पसवर फोटो, दुपारी म्युझियम आणि शेवटी सर्टिफिकेट. फिरायला जायचं असेल तर खुशाल जा, पण मग टूर कंपनीबरोबर जा, स्वस्त पडेल.

ओळखायचं कसं? खरा कोर्स असेल तर तो युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या वेबसाईटवर असतो, किती ईसीटीएस मिळणार ते लिहिलेलं असतं, मार्कशीट आणि मोटिव्हेशन लेटर मागतात, आणि तुम्हाला नाकारलं जाऊ शकतं. जिथे पैसे भरले की अ‍ॅडमिशन नक्की, तिथे दोनदा विचार करा. शोधायला डाडच्या साईटवर समर कोर्सेसची यादी आहे, शहर, विषय, भाषा, फी असं सगळं लावून शोधता येतं. तिथूनच सुरुवात करा.

९० दिवसांच्या आतलं सगळं शेंगेन व्हिसावर होतं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. पूर्ण सेमिस्टरला जात असाल तर नॅशनल व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट वगैरे वेगळंच प्रकरण सुरू होतं, त्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही.

२. तारखा उलट्या मोजा

समजा कोर्स जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतोय. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात पण ते ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात. वर एप्रिल-मेमध्ये अख्खी मुंबई युरोप बघायला निघालेली असते, त्यामुळे अपॉइंटमेंटची बोंब. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला फाईल तयार हवी, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत अ‍ॅडमिशन लेटर हातात हवं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज, म्हणजे डिसेंबरमध्ये पासपोर्ट.

यात आपल्या परीक्षा कुठे बसतात ते बघा. आपली सेमिस्टर परीक्षा एप्रिल-मेमध्ये लोंबकळते, वेळापत्रक कधी हलेल याचा नेम नाही, आणि जूनमध्ये कॉलेज सुरू. जुलैतला कोर्स घेतला तर नव्या वर्षाची सुरुवात हुकणारच हे गृहीत धरा. आणि केटी असेल तर आधी केटीच्या परीक्षेची तारीख बघा, मग बाकीचं.

३. पासपोर्ट आणि नावाची भानगड

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये. मुंबईत लोअर परळ, अंधेरी, मालाड आणि तिकडे ठाण्याला सेवा केंद्र आहे, जिथली तारीख लवकर मिळेल तिथे जा. पोलीस व्हेरिफिकेशनला घरी असा, नाहीतर शेरा पडतो आणि महिना जातो. ज्यांचा लहानपणी काढलेला पासपोर्ट आहे त्यांनी तो कपाटातून बाहेर काढून तारीख बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

आता भानगड. आपल्या मार्कशीटवर नाव कसं छापतात ते बघा: आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. म्हणजे पाटील स्नेहा सुरेश सुरेखा. पासपोर्टवर सरनेमच्या रकान्यात पाटील आणि गिव्हन नेममध्ये स्नेहा सुरेश. आधारवर स्नेहा सुरेश पाटील. आपल्याला यात काही गैर वाटत नाही, पण जर्मनीत बसलेल्या बाईला या तीन वेगळ्या मुली वाटू शकतात, शिवाय मार्कशीटवरचा पहिला शब्द ती फर्स्ट नेम समजते, मग अ‍ॅडमिशन लेटर येतं ते डिअर पाटील म्हणून आणि आडनावाच्या जागी सुरेखा. एका मैत्रिणीचं अगदी असंच झालं, लेटर बदलून यायला वेळ गेला आणि अपॉइंटमेंट पुढे ढकलावी लागली.

उपाय सोपा आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव पासपोर्टच्या पहिल्या पानावर जसं आहे तसंच टाका, अक्षर न अक्षर, आणि फॉर्मबरोबर दोन ओळींची नोट जोडा की माझ्या मार्कशीटवर नाव आडनाव, स्वतःचं, वडिलांचं, आईचं या क्रमाने आहे. इन्शुरन्स, तिकीट, बोनाफाईड, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव.

४. कॉलेजचे कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

कॉलेजकडून तीन गोष्टी लागतात, आणि त्या तीन वेगळ्या खिडक्यांवर मिळतात.

पहिली, बोनाफाईड. ऑफिसमध्ये छापील नमुना असतो, त्यात 'अमुक विद्यार्थी या कॉलेजात शिकत आहे, चारित्र्य चांगले' एवढंच. रेल्वे कन्सेशनला ते चालतं, व्हिसाला कमी पडतं. दुसरी, एनओसी, प्राचार्यांच्या लेटरहेडवर, त्यात हे सगळं हवं: कोर्सचं नाव, युनिव्हर्सिटीचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तेवढ्या काळासाठी रजा मंजूर, आणि परत आल्यावर अमुक तारखेपासून टीवायला हजर राहणार. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसा देणाऱ्याला एकच शंका असते की ही मुलगी परत जाणार का, आणि तुमचं एक वर्ष मुंबईत बाकी आहे याच्यासारखा पुरावा दुसरा नाही.

ऑफिसात गेलात की काका म्हणतील, असं लेटर आम्ही देत नाही. याचा अर्थ देत नाही असा नसतो, असं लेटर आजवर कोणी मागितलं नाही असा असतो. स्वतः मसुदा टाइप करून न्या, पेनड्राइव्हमध्ये आणि प्रिंटवर, दोन्ही. आधी एचओडींची सही, मग प्राचार्य, मग आवक-जावक नंबर, मग गोल शिक्का. शिक्का सहीवर अर्धा आला पाहिजे, बाजूला कोरड्या जागेवर नको. जेवणाच्या सुट्टीच्या आधी जा, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत जाऊ नका, आणि ज्या काकांनी मदत केली त्यांना परत आल्यावर चॉकलेट द्या, पुढच्या वर्षीच्या मुलांचं काम सोपं होतं.

तिसरी गोष्ट क्रेडिट्स आणि अटेंडन्स. इथे मुलं सगळ्यात जास्त फसतात. तिकडे पाच ईसीटीएस मिळाले म्हणजे इथे पाच क्रेडिट आपोआप जमा होतात असं काही नाही. एका ईसीटीएसमध्ये लेक्चर, घरचा अभ्यास, प्रोजेक्ट सगळं मिळून २५ ते ३० तास धरतात, आणि आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, त्यामुळे हिशोबच वेगळा. जायच्या आधी कोर्सचा सिलॅबस, तासांची संख्या आणि परीक्षेची पद्धत छापून एचओडींना द्या आणि हे कशात धरणार ते लेखी घ्या. इंटर्नशिपमध्ये, ओजेटीमध्ये (ऑन जॉब ट्रेनिंग), प्रोजेक्टमध्ये, कशातच नाही, जे असेल ते लेखी. ऑटोनॉमस कॉलेजमध्ये हे जरा सोपं जातं कारण निर्णय त्यांच्याच हातात असतो. 'ये तू जाऊन, मग बघू' असं मॅडम प्रेमाने म्हणतात, पण तोपर्यंत मॅडम बदललेल्या असू शकतात. ७५ टक्के अटेंडन्सचंही तसंच, बुडणारे दिवस ड्युटी लीव्ह म्हणून धरणार का ते त्याच पत्रात घालून टाका.

५. अर्ज

यावर फार लिहीत नाही कारण हे तुम्हाला जमेल. मार्कशीट, सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, एका प्राध्यापकांचं रेकमेंडेशन आणि इंग्रजीचा पुरावा. इंग्रजीसाठी लगेच आयईएल्ट्सचे पैसे भरू नका, बऱ्याच समर स्कूलला कॉलेजचं मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन सर्टिफिकेट चालतं, आधी मेल करून विचारा. मोटिव्हेशन लेटरमध्ये 'लहानपणापासून मला जर्मनीचं आकर्षण' वगैरे नको. मी शहर नियोजनाच्या कोर्सला अर्ज केला होता, आणि डोंबिवली ते सीएसएमटी रोज लोकलने जाताना काय दिसतं, कुर्ल्याच्या पुलावर गर्दी कुठे तुंबते, एवढंच लिहिलं होतं. तुमच्याकडे तुमचं काहीतरी असेलच.

जर्मन येत असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. वेळ असेल तर काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, लावा, तिथे भेटणाऱ्या लोकांकडून मिळणारी माहिती हा वेगळाच फायदा.

स्कॉलरशिपबद्दल स्पष्ट सांगते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा जे. एन. टाटा एंडोमेंट ही नावं सगळे घेतात, पण त्या पदवीनंतरच्या मोठ्या शिक्षणासाठी आहेत, महिन्याभराच्या कोर्सला त्यांचा उपयोग नाही. छोट्या कोर्सला मिळालीच तर त्याच युनिव्हर्सिटीची फी माफी मिळते, किंवा डाडची समर कोर्सची शिष्यवृत्ती चालू असेल तर ती, आणि त्यांच्या तारखा कोर्सच्या अर्जाच्या बऱ्याच आधी संपतात. फी माफीसाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना नसला तरी मेल करून विचारा, नाही म्हणतील एवढंच.

६. फी भरणं आणि पैसे

फी बाहेर पाठवायला बाबांचं किंवा आईचं बँक अकाउंट, पॅन कार्ड, ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा फॉर्म) आणि अ‍ॅडमिशन लेटर लागतं. छोट्या शाखेत हे काम कोणाला येत नाही, फोर्टला किंवा बीकेसीला मोठ्या शाखेत फॉरेक्सचं टेबल असतं तिकडे जा. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापत नाहीत, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा सातावरून दहा लाख झालीय, त्यामुळे आपल्याला त्याची चिंता नको.

एक खाच आहे. फॉर्मवर परदेशी बँकेचे चार्जेस कोण भरणार याचा रकाना असतो, तिथे ओयूआर निवडा, म्हणजे चार्जेस आपण भरणार. एसएचए, म्हणजे चार्जेस दोघांत वाटून, ठेवलं तर मधली बँक आपला वाटा कापून घेते, तिकडे फी थोडीशी कमी पोचते, आणि मग उरलेल्या दहा-पंधरा युरोसाठी पुन्हा सगळं ट्रान्सफर करत बसा. पेमेंट झालं की स्विफ्टची कॉपी, म्हणजे पैसे बाहेर पाठवल्याचा बँकेचा कागद, मागून घ्या, व्हिसाच्या फाईलला लागते.

खर्चासाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडी कॅश. साधं क्रेडिट कार्ड वापरलं तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप आणि वर जीएसटी. आणि तिकडे मशीनवर विचारतात, रुपयात भरणार की युरोमध्ये? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण नेहमी युरोच निवडा, रुपयाचा दर मशीनवाला स्वतःला परवडेल तसा लावतो. यूपीआयची सवय विसरा.

इंडियन सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. निघायच्या आधी साधं रोमिंग सुरू करून ठेवा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करा. नेटसाठी ई-सिम इथूनच घेऊन जा, तिकडे दुकानात सिम मिळतं पण पासपोर्ट दाखवून व्हिडिओवर ओळख पटवायची भानगड असते.

७. व्हिसा

अर्जाचं काम व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज गोळा करणारी खासगी कंपनी) सेंटरमध्ये होतं, निर्णय मात्र कॉन्सुलेटचा. सर्वसाधारण फी ९० युरो, ११ जून २०२४ पासूनचा दर (शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ती माफ असते, आधी विचारून घ्या), शिवाय सेंटरचा सर्व्हिस चार्ज. नाकारलं तर परत मिळत नाही. आधी नाकारल्यावर कॉन्सुलेटलाच फुकटात फेरविचाराची विनंती करता यायची, १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ते बंद केलंय, आता एकतर कोर्टात जा नाहीतर पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करा. म्हणून फाईल पहिल्याच वेळी धड लावा.

माझी फाईल ज्या क्रमाने लावली होती तो असा:

- भरलेला फॉर्म, सही केलेला, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवीन फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. स्टेशनबाहेरच्या फोटोवाल्याला शेंगेन व्हिसा असं सांगा, साधा पासपोर्ट साईज चालत नाही
- पासपोर्ट, जुना असेल तर तोही, आणि झेरॉक्स
- कव्हर लेटर, एक पान, त्यात कोर्स, तारखा, खर्च कोण करणार, परत कधी
- अ‍ॅडमिशन लेटर आणि फी भरल्याची पावती
- राहायच्या जागेचं कन्फर्मेशन, सगळ्या रात्रींचं
- जाण्या-येण्याचं विमान रिझर्व्हेशन
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरो कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- बोनाफाईड, एनओसी, मार्कशीट
- आई-बाबांचं स्पॉन्सर लेटर, नोकरीचं पत्र, सॅलरी स्लिप, आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट
- नातं दाखवायला जन्मदाखला

बँक स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही हवी, नेटवरून काढलेली साधी पीडीएफ नको. आणि आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, किती पैसे दाखवायचे. कोर्सचा उरलेला खर्च, राहणं, खाणं, प्रवास आरामात निघेल एवढे, आणि ते पैसे तिथे आधीपासून असल्यासारखे दिसले पाहिजेत. अर्जाच्या आठवड्यात मामाने अचानक चार लाख टाकले की ते स्टेटमेंटमध्ये ठळक दिसतं. मामा मदत करणार असेल तर लपवू नका, त्याचंच स्पॉन्सर लेटर आणि त्याचीच कागदपत्रं लावा. बाबांचा धंदा असेल आणि सॅलरी स्लिप नसेल तर गुमास्ता लायसन्स किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर तो, आणि रिटर्न.

अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का, करून घ्यायला हवं असं एजंट सांगतात आणि पैसे घेतात. समर स्कूलसाठी सहसा काही लागत नाही, व्हिसाच्या अधिकृत चेकलिस्टवर लिहिलेलं असेल तरच करा.

सेंटरवर बोटांचे ठसे, फोटो, फाईल तपासणं. काउंटरवरच्या माणसाने 'हा कागद नको' म्हटलं तरी तुम्हाला तो महत्त्वाचा वाटत असेल तर नम्रपणे आग्रह धरून फाईलमध्ये ठेवायला लावा, निर्णय तो माणूस घेत नाही.

पासपोर्ट परत आला की आनंदाने स्टेटस टाकण्याआधी स्टिकर नीट वाचा. चार गोष्टी बघायच्या. फ्रॉम आणि अंटिल या दोन तारखा. त्यांच्यामध्ये किती दिवस राहता येईल तो आकडा वेगळा असतो, तारखांमधलं अंतर ४५ दिवस असलं तरी आकडा ३० असेल तर ३०च दिवस राहायचं, पोचल्याचा आणि निघायचा दिवस दोन्ही मोजून. आणि एंट्रीज: ०१ असेल तर शेंगेनमधून एकदा बाहेर पडलात की संपलं. पॅरिस, प्राग, झुरिक चालेल, ते आतच आहे. लंडनला वीकेंडला जाऊन येते म्हणालात तर परत जर्मनीत शिरता येणार नाही, आणि लंडनचा व्हिसा मुळात वेगळाच. स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकली असेल तर त्याच दिवशी कळवा.

८. बॅग

तिकीट कोर्सच्या दोन दिवस आधी पोचेल असं घ्या, रविवारी पोचू नका, तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, फार तर मोठ्या स्टेशनातली उघडी.

खाण्याचं नीट ऐका, कारण इथे आईशी वाद होणार. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, काही नाही. ताजी फळंही सर्टिफिकेटशिवाय नाहीत, त्यामुळे जूनचा शेवटचा हापूस इथेच खाऊन जा. गंमत म्हणजे नारळ, केळं, अननस, खजूर यांना सूट आहे. पण सुकं खोबरं विमानवाले घेत नाहीत, तेलामुळे पेटायची भीती, म्हणून ओटीच्या सामानातली वाटी पिशवीत राहिली नाही ना ते बघा. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, खाकरे, हे सगळं पॅकबंद करून लेबल लावून खुशाल न्या. लोणचं चेक-इनमध्ये, तीन पिशव्यांत.

पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही. आपली दोन पिनांची चार्जरची पिन तिकडच्या सॉकेटला बहुतेक बसते, लॅपटॉपची तीन पिनांची बसत नाही, एक अ‍ॅडॉप्टर घ्या. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिकडे साधं अँटिबायोटिकही प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. कॅश तीन हजार डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त नेता येत नाही, आपल्याला तेवढी लागतही नाही.

अ‍ॅडमिशन लेटर, इन्शुरन्स, राहायचा पत्ता आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत छापून ठेवा. इमिग्रेशनवर फोन काढून मेल शोधत बसलात तर मागची रांग खाऊ की गिळू बघते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवीन नोंदणी पद्धत सुरू झालीय, पहिल्यांदा जाणाऱ्यांचा फोटो तिथेही घेतात, त्यामुळे पुढची कनेक्टिंग फ्लाइट किंवा ट्रेन अगदी चिकटून घेऊ नका.

९. पोचल्यावर

तिकडच्या स्टेशनांवर आपल्यासारखंच गेट नसतं, सरळ आत जाता येतं. तिकीट मात्र काढा आणि काही ठिकाणी ते मशीनमध्ये पंच करावं लागतं, न पंच केलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. टीसी साध्या कपड्यांतही असू शकतो. फीमध्ये प्रवासाचा पास आहे का ते आधी विचारा, नसेल तर महिन्याचं डॉइचलांड तिकीट घ्या, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. देशभरातल्या लोकल, बस, ट्राम आणि रीजनल ट्रेन त्यात येतात, लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई नाहीत. ते सबस्क्रिप्शन असतं, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. घेतल्या दिवशीच रद्द करून टाका, महिनाअखेरपर्यंत चालतं.

पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की पावती मिळते. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या घेऊच नका खरं तर. दुपारचं जेवण युनिव्हर्सिटीच्या मेन्झामध्ये, तिथे व्हेज मिळतं आणि बाहेरपेक्षा स्वस्त पडतं. होस्टेलच्या खोलीत पंखा नसतो आणि उन्हाळ्यात चांगलंच उकडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवायची वेळ कळत नाही, आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, फोनवर आईशी बोलतानाही. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, तिकडचे दहा म्हणजे इथे रात्रीचे दीड, आई तशीही झोपलेली असेल. अडचण आली तर ११२.

वर्गात एक गोष्ट लवकर लक्षात येईल. नऊचं लेक्चर म्हणजे नऊ, किंवा वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर सव्वानऊ, पण मग सव्वानऊच. आणि प्राध्यापकाने 'हे चूक आहे' असं तोंडावर सांगितलं तर ते रागावलेले नसतात, ती त्यांची बोलायची पद्धत. आपण गप्प बसलो तर मात्र त्यांना वाटतं तयारी नाही. पहिल्या आठवड्यात मी आणि दोन व्हिएतनामी मुली सोडून सगळे बोलत होते, मग आम्ही ठरवलं की प्रत्येक सेशनला एक तरी प्रश्न विचारायचा, कसाही. त्यातूनच माझा प्रोजेक्ट ग्रुप झाला.

१०. निघायच्या आधी आणि परत आल्यावर

हे तिकडे असतानाच करा: ट्रान्सक्रिप्टवर ईसीटीएस, एकूण तास आणि ग्रेड तिन्ही छापलेत का बघा आणि सही-शिक्का असलेली मूळ प्रत मागा. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. हे कॉलेजला माहीत नसतं, १.३ बघून ऑफिसवाले हळहळतात. म्हणून ग्रेडिंगचा तक्ताही बरोबर घेऊन या. फक्त पार्टिसिपेशन सर्टिफिकेट घेऊन आलात तर क्रेडिटचा विषय तिथेच संपला.

मुंबईत उतरलात की त्याच आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट, प्रोजेक्टची प्रत, बोर्डिंग पास आणि आधीचं लेखी पत्र असं एकत्र लावून एचओडींना द्या, पोच घ्या. ड्युटी लीव्हचा अर्ज वेगळा, तो अटेंडन्सच्या खिडकीवर. इंटर्नल्स बुडली असतील तर री-टेस्टची तारीख परीक्षा विभागात स्वतः जाऊन विचारा, नोटीस बोर्डवर ती उशिरा लागते. फॉरेक्स कार्डवर उरलेले युरो बँकेत जाऊन रुपयात करून घ्या, कार्ड तसंच ठेवलं तर काही बँका न वापरल्याचे चार्जेस कापतात.